टोरोंटोत विमान उलटं का झालं? झोताच्या वाऱ्यात लँडिंग अवघड का असतं?

बर्फाळ धावपट्टीवर पाठीवर पडलेलं विमान आणि सीटबेल्टला उलटे लटकलेले प्रवासी. हा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. 17 फेब्रुवारी 2025 रोजी कॅनडातल्या टोरोंटो पियरसन विमानतळावर हा अपघात झाला. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसहून आलेलं ते सीआरजे-900 जातीचं लहान जेट होतं. डेल्टाची उपकंपनी एंडेव्हर एअर ते चालवत होती. विमानात 80 जण होते. 21 जण जखमी झाले, पण सगळे वाचले.

त्या दुपारी वाऱ्याचा वेग 28 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 52 किलोमीटर होता आणि झोत 35 नॉटपर्यंत जात होते. वारा समोरून, पण थोडा उजवीकडून येत होता.

जोरदार वारा एकसारखा वाहत असेल, तर वैमानिक त्याला जुळवून घेतात. खरी अडचण झोतांची असते. विमानाला उचलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. समोरून झोत आला की हवेच्या तुलनेत विमानाचा वेग अचानक वाढतो. झोत ओसरला की तो तितक्याच झटक्यात घटतो, उचल कमी होते आणि विमान खाली बसतं. उंचावर हे सावरता येतं. जमीन शंभर-दीडशे फुटांवर असेल, तर हातात काही सेकंदच असतात. म्हणूनच अशा हवेत वेग मुद्दाम थोडा जास्त ठेवतात.

कॅनडाच्या परिवहन सुरक्षा मंडळाच्या प्राथमिक अहवालात शेवटच्या पंधराएक सेकंदांचा तपशील आहे. झोतामुळे वेग 154 नॉटपर्यंत चढला. वैमानिकाने इंजिनांची ताकद कमी केली आणि ती टेकेपर्यंत कमीच राहिली. मग वेग उतरत गेला, खाली येण्याची गती वाढली. टेकायच्या 2.6 सेकंद आधी कॉकपिटमध्ये 'सिंक रेट' असा इशारा वाजला.

विमान उजवीकडे सुमारे 7 अंश कललेलं असताना मिनिटाला जवळपास 1,100 फूट गतीने आदळलं. या विमानाचं लँडिंग गियर 720 फुटांपर्यंतचा धक्का पेलेल असं बनवलेलं असतं. त्यात सगळा भार आधी उजव्या चाकांवर आला. तिथला आधारदांडा मोडला, उजवा पंख तुटून वेगळा झाला आणि इंधनाने पेट घेतला. डावा पंख मात्र अजून उचल देत होता, त्यामुळे विमान उजवीकडे पलटलं.

प्रवाशांना वाचवण्यात सीटबेल्टचा मोठा वाटा होता. बेल्ट सोडताच लोक छतावर पडत होते, तिथून केबिन कर्मचाऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं.

अपघातानंतर वैमानिक प्रशिक्षणात नापास झाल्याच्या पोस्ट फिरल्या. डेल्टाने तो दावा खोटा असल्याचं जाहीर केलं. प्राथमिक अहवालातही दोष कुणावर ठेवलेला नाही.