कलम, संकर आणि जनुक : रत्नागिरीच्या हापूसच्या निमित्ताने

प्रस्तावना

सजीवांचे घटक सुटे करून त्यांची हेतुपूर्वक नवी मांडणी करणारे शास्त्र म्हणजे संश्लेषी जीवशास्त्र. हे शास्त्र नवे असले, तरी सजीवाला हव्या त्या गुणाकडे वळविण्याची परंपरा कोकणाला नवी नाही. प्रस्तुत लेखात हापूसच्या आधारे या परंपरेचे टप्पे पाहून त्यातून उद्भवणाऱ्या हक्काच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे.

कलम आणि संकर

कोयीपासून वाढलेले रायवळ झाड मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे देत नाही. कलम ते देते. पोर्तुगीज काळात पश्चिम किनाऱ्यावर रुजलेल्या कलमविद्येने हापूसचे गुण राखले, तसा साक्याचा दोषही राखला. १८ मे १९७२ रोजी दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या वेंगुर्ले येथील केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ (१९८१) ही साकाविरहित जात दिली. पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून अतिशय पातळ कोयीची ‘सिंधू’ (१९९२) आली. संकरकाला मातापिता निवडता येत होते. जनुक निवडता येत नव्हते.

जनुकाचा टप्पा

हरगोविंद खोराना यांच्या गटाने १९७० मध्ये रासायनिक घटकांपासून संपूर्ण जनुक जोडले. दापोलीचे विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, १९७२ मध्ये, पॉल बर्ग यांनी दोन भिन्न विषाणूंचे डीएनए एकत्र सांधले. या तंत्राची फलश्रुती हापूसपर्यंत पोहोचली ती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. विद्या गुप्ता, अशोक गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकत्या हापूसमधील सुगंधी द्रव्यांचा अभ्यास केला. फ्युरॅनिऑल हे द्रव्य घडविणाऱ्या विकराचे जनुक वेगळे करून त्यांनी ते ई. कोलाय जीवाणूत कार्यान्वित केले. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात एका विकराने हापूस होत नाही. त्याच्या गंधात टर्पिने, लॅक्टोने आणि फ्युरॅनोने यांचे गुंतागुंतीचे मिश्रण असते. मात्र त्या गंधाची एक वीट फळाबाहेर घडविता येते, हे सिद्ध झाले.

हक्काचा प्रश्न

हिवतापावरील आर्टेमिसिनिनचे पूर्वद्रव्य यीस्टकडून घडविण्यात जे कीसलिंग यांच्या गटाला २००६ मध्ये यश आले आणि २०१३ मध्ये त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. परंतु वनस्पतिजन्य द्रव्य स्वस्त झाल्याने ते स्पर्धेत मागे पडले. म्हणजे प्रयोगशाळेचा विजय बाजारात अटळ नसतो. तथापि बागायतदाराने त्यावर विसंबणे योग्य नव्हे. २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते, गंधाच्या रेणूचे नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ लाभवाटपाचे तत्त्व मान्य करतो. पण जनुकाचा अनुक्रम केवळ संगणकावरील अक्षरे म्हणून प्रवास करू लागला, की मूळ बागेशी असलेला त्याचा संबंध सिद्ध करणे कठीण होते.

समारोप

कलम बांधणाऱ्या हातांची नोंद इतिहासाने ठेवली नाही. जनुकाच्या टप्प्यावर तीच चूक पुन्हा होऊ नये, यासाठी कोकणातील महाविद्यालयांनी जुन्या बागा, कलमे आणि त्यांचे जतन करणारी कुटुंबे यांचे दस्तऐवजीकरण हाती घेणे अगत्याचे आहे.