माथेरान कोणी शोधले?

माथेरानचा शोध कोणी लावला, असे वर्गात विचारले तर एखादा तरी हात वर येतोच: ह्यू मॅलेट, 1850. उत्तराला गुणही मिळतात. मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता. त्या वर्षी मे महिन्यात खालापूरजवळच्या चौक गावी मुक्काम असताना तो डोंगर चढून गेला, आणि पुढे त्याने वर घरही बांधले. पण या डोंगराच्या उतारांवर ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून राहत होते. चढायच्या वाटाही त्यांच्याच पायांनी पडलेल्या. मग इथे 'शोध' म्हणजे नेमके काय? मुलांपुढे एकदा हा प्रश्न ठेवून पाहा.

पुढचे सगळे भराभर घडले. 1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि नेरळ मुंबईकरांच्या टप्प्यात आले. 1907 मध्ये पीरभॉय घराण्याने बांधलेली दोन फुटी रुळांची छोटी गाडी नेरळहून वर पोहोचली. बंगले मुंबईच्या धनिकांचे झाले. डोंगरातल्या माणसांच्या वाट्याला आली ती ओझी, घोड्यांचे लगाम आणि हातरिक्षा. गावात मोटारींना बंदी असल्याने झाडी टिकली, हे खरेच. 2003 मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. पण झाडी राखायची म्हणून माणसाने माणसाला ओढायचे, हे इतकी वर्षे आपल्याला खटकले कसे नाही? (सहलीला गेलो तेव्हा मलाही खटकले नव्हते.) ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले, आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात असेही सुचवले. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

कॅनडात बॅफिन बेटावर पांगनिर्तुंग नावाचे इनुइट गाव आहे. तिथे 1980 च्या दशकात पर्यटनाची आखणी गावकऱ्यांशी बोलून झाली. वाटाडे गावातले, होडीवालेही गावातलेच. आपल्याकडे अशी आखणी कोणी केली नाही, पण कर्जत-खालापूरच्या गडांखाली ती आपोआप थोडीफार झाली. ट्रेकर वाडीत थांबायचे, कुणाच्या तरी घरी भाकरी-पिठले सांगून गडावर जायचे. चार पैसे थेट चुलीपाशी पोहोचायचे.

इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी ही ठाकरांची अशीच एक वाडी. तीही चौकच्याच बाजूची. वर जायला पायवाट तेवढी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. खोपोलीचे गिर्यारोहक अंधारातच वर गेले. यंत्रे चढवता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसे सापडली नाहीत, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला.