सर्पगंधा, रक्तदाब आणि मज्जासंस्था : डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या मुंबईतील संशोधनाचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :
हृदयाच्या ठोक्यांची गती आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन यांवर स्वायत्त मज्जासंस्थेचे नियंत्रण असते. तिचा अनुकंपी विभाग हृदयाची गती व रक्तदाब वाढवितो, तर परानुकंपी विभाग हृदयाची गती मंद करतो. हा संबंध औषधोपचाराच्या मार्गाने स्पष्ट होण्यास मुंबईतील एका संशोधनाने मोलाचा हातभार लावला. प्रस्तुत लेखात त्याचे मूल्यमापन केले आहे.

पार्श्वभूमी :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीव्र उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. १९४० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत काही रुग्णांच्या अनुकंपी चेता शस्त्रक्रियेने कापल्या जात. भारतात सर्पगंधेचे मूळ निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर पूर्वापार वापरात होते. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मानसिक विकार आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग नोंदविला. मन शांत करणारी वनस्पती रक्तदाबही उतरविते, या निरीक्षणाचा उलगडा होण्यास पुढे सुमारे पंचवीस वर्षे लागली.

वकील यांचे कार्य :
परळ येथे १९२६ मध्ये सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वकील (१९११-१९७४) कार्यरत होते. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग करून त्यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरला होता. वनस्पती नवी नव्हती; मात्र तिच्या परिणामाचे पद्धतशीर मोजमाप करून ते हृद्रोगतज्ज्ञांच्या जागतिक व्यासपीठावर मांडले गेले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

कार्यकारणाचा शोध :
स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी १९५२ मध्ये या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५६ मध्ये स्वीडनमधील आर्विड कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेसर्पिनमुळे सशाच्या हृदयातील नॉरअॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा साठा रिता होतो, हे दाखविले. अनुकंपी चेता याच द्रव्याद्वारे हृदयाला व रक्तवाहिन्यांना संदेश देतात. साठा संपला की संदेश क्षीण होतो आणि रक्तदाब उतरतो. औषधाचा परिणाम सावकाश दिसणे व औषध थांबविल्यावरही काही काळ टिकणे, यांचेही कारण हेच.

मेंदूतील अशाच द्रव्यांवरही रेसर्पिनचा परिणाम होतो. त्यामुळे उन्माद शमतो; पण काही रुग्णांत नैराश्याच्या तक्रारीही नोंदविल्या गेल्या. त्यांच्या प्रमाणाविषयी पुढील अभ्यासकांत मतभेद राहिले. नवी औषधे आल्यावर रेसर्पिनचा वापर घटला. तथापि, उच्च रक्तदाबावरील उपचाराने पक्षाघातासारखे गंभीर परिणाम टळतात हे सिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील १९६७ व १९७० च्या अभ्यासांत वापरलेल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते.

निष्कर्ष :
या इतिहासाचे सारे श्रेय प्राचीन ज्ञानास देणे किंवा तो केवळ पाश्चात्त्य प्रयोगशाळांचा विजय मानणे, दोन्ही एकांगी ठरते. परंपरेने वनस्पती दिली, मुंबईच्या रुग्णालयाने तिचा परिणाम मोजला आणि प्रयोगशाळेने त्याचे कारण दाखविले. मधला दुवा बहुधा दुर्लक्षिला जातो. रुग्णशय्येजवळ संयमाने केलेले मोजमाप हे स्वतंत्र ज्ञाननिर्मितीचे कार्य होय, याची साक्ष वकील यांचे संशोधन देते.