खालसा झाले, पण कुणाच्या हाती गेले?

डिसेंबर 1853 मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. तेव्हापासून मराठी मनात ‘खालसा’ म्हणजे राजाची गादी जाणे, असे समीकरण घट्ट बसले आहे. आजही एखाद्या पुढाऱ्याचा गड पडला की वर्तमानपत्रे त्याचे ‘संस्थान खालसा’ करतात. या वापरात गमावणारा ठळक दिसतो, मिळवणारा मात्र दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास मिळवणाऱ्याकडे पाहायला भाग पाडतो. इथे सत्ता अनेकदा काढून घेतली गेली, पण ती जमीन कसणाऱ्याकडे क्वचितच आली, असे माझे म्हणणे आहे.

हा शब्द मुळात महसुलाचा. अरबीत ‘खालिस’ म्हणजे निर्भेळ. मोगलांच्या दफ्तरात जी जमीन कुणाला जहागीर दिलेली नाही, जिचा वसूल थेट बादशाही खजिन्यात जातो, ती खालसा. म्हणजे या शब्दाच्या पोटात आधी मधला वाटेकरी नसणे होते, राजाचा पराभव नंतर आला. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ज्याची नोंद आहे ते कळंब आजच्या यवतमाळ जिल्ह्यातच आहे, त्यामुळे ही महसुली भाषा या मातीला परकी नव्हती. पुढे अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांची दुअमली चालली. एकाच गावाच्या वसुलावर दोन धन्यांचा हक्क होता. 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. दोन धन्यांचा एक धनी झाला, पण कुणब्याच्या सारा भरण्यात त्याने फरक पडला असे म्हणता येत नाही.

त्यानंतरचा मोठा बदल तर ‘खालसा’ हा शब्द न उच्चारताच झाला. निजामाच्या राज्यात ठेवलेल्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी मे 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतले. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा, अशी विभागणी होती. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने त्याच प्रांताचा वर्षाला 25 लाख रुपयांचा कायमचा भाडेपट्टा करून घेतला. 1936 च्या करारातही निजामाचे सार्वभौमत्व कागदावर मान्य होते आणि त्याच्या वारसाला वऱ्हाडच्या युवराजाचा किताब मिळाला. नागपूरचे राज्य गेले म्हणून आपण हळहळतो. वऱ्हाड ‘अमानत’ आणि ‘पट्टा’ अशा सौम्य शब्दांत गेले, म्हणून त्या जाण्याची नोंद लोकस्मृतीत फिकट राहिली. परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच होता. सारा ठरवणारा, कचेरी चालवणारा, न्याय देणारा बदलला होता. 1864 मध्ये स्थापन झालेला आणि पुढे ‘वणी’ म्हणून ओळखला गेलेला जिल्हा 1905 मध्ये पुसद तालुका जोडून यवतमाळ झाला, तोही याच कारभारात.

यावर रास्त आक्षेप असा की, इंग्रजी अमलात देशमुख-देशपांड्यांची वसुलीची सत्ता गेली, रयतवारी आली, सर्व्हे नंबर रयतेच्या नावे लागले. मग सत्ता कसणाऱ्याकडेच आली ना? हे अर्धे खरे आहे. जमीन विकण्याचा आणि गहाण ठेवण्याचा हक्क मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण सारा किती, तो वाढणार केव्हा, हे ठरवणे सरकारच्याच हाती राहिले, आणि विकता येणारी जमीन सावकाराला तारणही ठेवता येऊ लागली. शिवाय पडीक जमीन लागवडीला आणण्यासाठी 1865 च्या नियमांनी इजाऱ्याची गावे दिली गेली आणि त्यांच्यावर नवा मधला धनी बसला. तेव्हा ‘खालसा’ गाव आणि ‘इजारा’ गाव हा भेद शेजारशेजारच्या गावांतल्या कसणाऱ्यांना रोजचा झाला. एकीकडे धनी सरकार, दुसरीकडे इजारदार. 1950 च्या मध्यप्रदेशच्या कायद्याने हे मधले हक्क संपवले. तेव्हाही ते आधी राज्यशासनात निहित झाले, मग कुळांचा विचार झाला.

दुसरा आक्षेप असा की, शब्दाने काय होते, महत्त्व कृतीला. पण सत्तेच्या बाबतीत शब्दच प्रश्नाची दिशा ठरवतो. ‘काढून घेतली’ एवढेच बोलणारी भाषा ‘कुणाला दिली’ हे विचारायचे विसरते, आणि जुन्या धन्याच्या पतनालाच लोकांची सुटका समजते. केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव भागातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला नाव घेऊन अधिकार दिले आणि जमीन संपादनाआधी तिच्याशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक केला. कोलाम आणि गोंड वस्त्यांच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे, कारण इथे कायदा केवळ हिरावण्याची नाही, सोपवण्याची भाषा बोलतो. ती भाषा कागदावर राहते की ग्रामसभेच्या ठरावाला वजन येते, यावरच या जिल्ह्यातल्या सत्तांतरांची खरी किंमत ठरेल. म्हणून यापुढे कुणाचे काही खालसा झाल्याचे ऐकले, तर ते कुणाच्या नावे जमा झाले, हे आपण त्याच वेळी विचारले पाहिजे.