लहरींच्या वेशीवरील पहारा

बिनतारी संदेशाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा संदेश पाठविणाऱ्याचें कौतुक करतों. उंच मनोरे व प्रचंड प्रक्षेपकच डोळ्यांपुढें येतात. परंतु संदेश पोंचला कीं नाहीं, याचा निकाल घेणाऱ्याच्या दारीं लागतो. ग्राहकयंत्राचा जो भाग एरियलला प्रथम जोडलेला असतो, तो या दारावरचा पहारेकरी. त्याचाच इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट. मुंबईंतल्या घरीं साध्या क्रिस्टलवर तें ऐकूं येई. आमच्या लोणंदसारख्या घाटावरील गांवीं मात्र व्हॉल्व्हच्या वर्धकावांचून गति नव्हती.

त्याच वर्षीं इंग्लंडशीं तारा पाठविण्याची बिनतारी ‘बीम’ सेवा सुरू झाली. तिचें प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीस, तर ग्रहण दौंडास. दोन ठिकाणें कां? प्रक्षेपकाचा गोंगाट शेजारींच असता, तर हजारों मैलांवरून आलेला क्षीण स्वर त्यांत बुडून जाता. इंग्लंडांतहि ग्रिम्सबीहून पाठवीत व स्केगनेसला घेत. अंतर हाच त्या काळचा मोठा पहारेकरी होता.

१९४४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरल्ड फ्रीस यांनीं ग्राहकयंत्रांतील खरखरीचें गणित मांडलें. वर्धक एकापुढें एक जोडले असतां, पहिला पुरेसा समर्थ असेल तर सर्व यंत्राची खरखर मुख्यतः त्याच्यावरच ठरते. त्यानें मिसळलेली खरखर पुढचे सारे वर्धक इमानानें वाढवीत जातात. मागाहून ती काढून टाकतां येत नाहीं.

पुढें वाट रुंद करण्याची गरज आली. ध्वनिक्षेपणाला सुमारें १० किलोहर्ट्झ पुरतात. घरांतील वायफायच्या सामान्य वाहिनीला २० मेगाहर्ट्झ, म्हणजे २,००० पट लागतात. वाट जितकी रुंद, तितकीच खरखरहि आंत शिरते. शिवाय एखादा बलवान परका स्वर आला कीं वर्धक त्याच्या भारानें वांकतो. दोन आले तर त्यांच्या मिश्रणांतून मुळांत नसलेला तिसराच स्वर उपजतो.

याची कठोर परीक्षा जुन्नर तालुक्यांत खोडद येथें झाली. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. आरंभीं एका वेळीं ३२ मेगाहर्ट्झचाच पट्टा घेतां येई. गेल्या दशकांत नवी ग्राहकयंत्रें बसवून तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावण्यांत आला. परंतु ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याशेजारींच, ९०० च्या आसपास, मोबाइलचा बाजार भरलेला असतो! म्हणून आकाशाचा स्वर घेणाऱ्या वर्धकाला गाळण्यांची जोड द्यावी लागते.

आपल्या खिशांतील मोबाइलमध्यें तर प्रक्षेपक व ग्राहक एकाच डबींत नांदतात. खडकी व दौंड यांमधील अंतरानें जें काम साधलें, तें तेथें नखाहून लहान गाळण्या करतात. तथापि ज्या पट्ट्यांत ऐकावयाचें, त्याच पट्ट्यांतला गोंगाट कोणतीहि गाळणी निवडूं शकत नाहीं. यासाठींच खोडदच्या परिसरांत कारखान्यांवर निर्बंध आले, आणि नियोजित पुणे–नाशिक रेल्वेमार्गाचा प्रश्नहि तेथेंच अडला. विद्युन्मंडळ रचणाऱ्याची विद्या जेथें संपते, तेथें शेजाऱ्याची शांतता उपयोगीं पडते. ती शांतता सांभाळणाऱ्या गांवांना रोजगार व रेल्वे यांचा त्याग करावा लागत असेल, तर त्याची भरपाई हेंहि त्या शास्त्राच्या खर्चाचेंच एक कलम मानलें पाहिजे.