काटा आणि आकडे : एकाच केबलची दोन मापे

१/५
जुन्या मोटारसायकलींत वेगाचा काटा आणि अंतराचे आकडे एकाच केबलवर चालत. तरीही दोघांच्या अचूकतेत फरक असे. त्याचे कारण त्यांच्या इतिहासात आहे.

२/५
अंतरमापक प्राचीन आहे. इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने अशा वाहनाचे वर्णन केले, ज्याच्या चाकाचे ४०० फेरे झाले की पेटीत एक खडा पडे. एक खडा म्हणजे एक रोमन मैल.

३/५
वेगमापक अर्वाचीन. १९०२ मध्ये जर्मनीच्या ओटो शुल्त्सेने त्याचे पेटंट घेतले. फिरणारे चुंबक धातूच्या वाटीला ओढते, बारीक स्प्रिंग तिला रोखते. या ओढाताणीत काटा स्थिरावतो. चुंबक क्षीण झाले वा स्प्रिंग सैलावली, की काटा चुकतो.

४/५
पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ ने खऱ्याहून कमी वेग दाखवणे निषिद्ध ठरवले. मर्यादेत अधिक दाखवण्यास मुभा दिली. म्हणून काटा सहसा थोडा पुढेच असतो.

५/५
काट्याची ही अतिशयोक्ती अंतराच्या आकड्यांत उतरत नाही. ते दंतचक्रांनी केवळ फेरे मोजतात. मात्र टायर झिजला की परीघ घटतो, तेवढ्याच रस्त्याला फेरे वाढतात आणि कागदावरचे मायलेजही वाढते. पेट्रोल मात्र वाचलेले नसते!