प्रश्न केवळ अपत्याचा नाही

क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणजे पुरुषातल्या वंध्यत्वाचे एक कारण, असे बहुतेक कुटुंबे आणि काही डॉक्टरही मानतात. या समजाला आधार आहे. एक जादा एक्स गुणसूत्र असलेल्या बहुतेक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू सापडत नाहीत आणि निदान अनेकदा लग्नानंतर, मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्यावरच होते. पण विकार ज्या तक्रारीमुळे कळला तेवढीच त्याची व्याप्ती, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

हॅरी क्लाइनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 मध्ये बोस्टनमधल्या नऊ पुरुषांचे वर्णन केले, तेव्हा लहान वृषणे आणि वाढलेले स्तन प्रामुख्याने नजरेत भरले होते. 1959 मध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी जादा गुणसूत्र दाखवून दिले. ते गुणसूत्र एकट्या वृषणात नसते. बहुतेक रुग्णांत ते शरीरभरच्या पेशींत असते. म्हणूनच या पुरुषांत मधुमेह, हाडांची ठिसूळता, शिरांत रक्ताच्या गुठळ्या आणि ल्युपससारखे आजार इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळतात. स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. हे सारे प्रत्येकाला होईलच असे नाही, पण लक्ष ठेवायला हवेच.

‘टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली की झाले’ हेही अर्धसत्य आहे. त्यांचा उपयोग होतो. पण जादा एक्सवरची काही जनुके चालूच राहतात, त्यामुळे सगळे दोष संप्रेरकाच्या कमतरतेतून आलेले नसतात. शिवाय ही इंजेक्शने शुक्राणूनिर्मिती दाबतात. सूक्ष्मदर्शी शस्त्रक्रियेने वृषणातून जवळजवळ चाळीस टक्के रुग्णांत शुक्राणू मिळू शकतात, म्हणून अपत्याचा विचार उपचारापूर्वीच व्हायला हवा. म्हणजे वंध्यत्वाचा निकालसुद्धा अंतिम नाही.

‘देवास जिल्ह्यातल्या लोहारद्यासारख्या गावात हे निदान आणि पुढची देखरेख कशी जमणार?’ असा आक्षेप येईल. पण पौगंडावस्था सरूनही वृषणे लहान व घट्ट राहिली आहेत का, हे हातानेच कळते. गुणसूत्र तपासणीसाठी पेशी जिवंत राहाव्या लागतात, त्यामुळे रक्ताचा नमुना वेळेत इंदूरसारख्या शहरात पोहोचवावा लागतो. पण हे आयुष्यात बहुधा एकदाच. पुढे साखर, वजन, कंबरेचा घेर आणि उपचार चालू असताना हिमोग्लोबिन पाहणे साध्या दवाखान्यातही जमते. हाडांची घनता अधूनमधून शहरात मोजता येते.

अशा पुरुषाच्या निदानपत्रावर ‘वंध्यत्व’ एवढाच शेरा मारून त्याला घरी पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख असलीच पाहिजे.